राखीव अंतराळवीर

३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी सोव्हिएत संघातील बैकानूर तळावरून ‘सोयूझ टी-११’ हे यान अवकाशात झेपावले. यानात तीन माणसे होती : कमांडर युरी मालिशेव, उड्डाण-अभियंता गेनाडी स्त्रेकालोव आणि भारतीय वायुसेनेतील स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. शर्मा हे अंतराळात गेलेले पहिले भारतीय, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु याच प्रवासाची सर्व तयारी आणखी तीन माणसांनी केली होती, हे फारच थोड्यांच्या स्मरणात आहे. त्या तिघांची नावे अनातोली बेरेझोवोय, गेओर्गी ग्रेचको आणि विंग कमांडर रवीश मल्होत्रा अशी होती. मुख्य तुकडीपैकी कोणी ऐन वेळी आजारी पडला असता, कोणाला अपघात झाला असता किंवा वैद्यांनी कोणाच्या नावापुढे फुली मारली असती, तर यानात बसण्यास हे तिघे सिद्ध होते. तसे काही घडले नाही आणि ते जमिनीवरच राहिले.

पुढे वायुसेनेतून निवृत्त झाल्यावर मल्होत्रा यांनी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात काम केले. हे क्षेत्र शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याला लागून पसरलेले आहे. लेथ, प्रेस, मुलामा देण्याचे कारखाने, सुट्या भागांची लहानमोठी उत्पादनगृहे यांनी ते गजबजलेले असते. अंतराळाशी त्याचा काही संबंध असेल असे तेथून जाणाऱ्या प्रवाशाच्या मनातही येणार नाही. वस्तुतः भारताच्या अंतराळविषयक कार्याचा एक महत्त्वाचा आरंभ याच भागातील काही शेडींमध्ये झाला. त्याकडे पुढे वळायचेच आहे. तत्पूर्वी ‘राखीव अंतराळवीर’ ही संस्था कशी उत्पन्न झाली आणि तिच्यावाचून आरंभीच्या अंतराळयुगाचे चालणे अशक्य का होते, हे पाहिले पाहिजे.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या पहाटे त्यांच्याबरोबर गेर्मान तितोव हेही पूर्ण अंतराळपोशाख चढवून बसमधून प्रक्षेपणमंचापर्यंत गेले होते. गागारिन यांची निवड उड्डाणाच्या काही दिवस आधीच झाली होती. तरीही ते मंचावरील उद्वाहकात शिरेपर्यंत तितोव यांना पोशाख उतरविण्याची परवानगी नव्हती. तितोव यांच्याखालोखाल ग्रिगोरी नेल्यूबोव यांचा क्रम होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तितोव अवकाशात गेले, एक दिवसाहून अधिक काळ तेथे राहिले आणि तेथे झोपलेला पहिला माणूस ठरले. त्या वेळी त्यांना सव्विसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. इतिहासात त्यांना जागा मिळाली, ती दुसऱ्या क्रमांकाची. नेल्यूबोव यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९६३ साली एका रेल्वे स्थानकावर लष्करी गस्तीशी झालेल्या बाचाबाचीनंतर त्यांना पथकातून काढण्यात आले आणि १९६६ साली आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. पहिल्या पथकाच्या छायाचित्रांतून त्यांची आकृती कुशलतेने पुसून टाकण्यात आली, आणि ज्या जागी ते उभे होते तेथे भिंत किंवा झुडूप रंगविण्यात आले.

माणूस पाठवायचा एक आणि शिकवायचे दोघांना किंवा तिघांना, हा अपव्यय वाटण्याचा संभव आहे. परंतु अंतराळयानाची रचना ध्यानात घेतली म्हणजे हा गैरसमज दूर होतो. सोयूझ यानातील आसन हे विमानातील आसनासारखे कोणीही येऊन बसावे असे नसते. परतीच्या प्रवासात यान वातावरणात शिरते आणि अखेरीस जमिनीवर आदळते, तेव्हा पाठीच्या कण्यावर फार मोठा भार येतो. तो सर्व पाठीवर सारखा विभागला जावा म्हणून प्रत्येक अंतराळवीराच्या देहाचा साचा घेऊन त्यावरून आसनाचे अस्तर घडवितात. एकाचे अस्तर दुसऱ्याच्या पाठीला चालत नाही. पोशाखही मापाने बेतलेला असतो. यानातील कामे तिघांत अशी वाटलेली असतात की एकाने हात पुढे केला तर दुसऱ्याने काय करायचे हे बोलण्यावाचून कळावे. ही एकतानता महिनोन्‌महिने एकत्र सराव केल्यावरच येते. ऐन वेळी नवा माणूस शोधणे, त्याला शिकविणे आणि त्याच्यासाठी आसन घडविणे शक्यच नसते. प्रक्षेपणाचा मुहूर्त तर ग्रहगतीने आणि स्थानकाच्या भ्रमणकक्षेने ठरलेला असतो. तो माणसाच्या सर्दीपडशासाठी थांबत नाही. म्हणून प्रत्येक आसनामागे दुसरा एक माणूस, त्याचे अस्तर आणि त्याचा पोशाख आधीपासूनच तयार ठेवावा लागतो.

राखीव असणे हे सुदैव की दुर्दैव, याचा निर्णय घटना घडून गेल्यावरच करता येतो. १९६७ च्या एप्रिलमध्ये ‘सोयूझ-१’ मधून व्लादिमीर कोमारोव गेले आणि परतताना हवाईछत्री नीट न उघडल्यामुळे मृत्युमुखी पडले. त्या उड्डाणाचे राखीव अंतराळवीर खुद्द गागारिन होते. जून १९७१ मध्ये याहून विलक्षण प्रकार घडला. ‘सोयूझ-११’ साठी अलेक्सेई लिओनोव, वालेरी कुबासोव व प्योत्र कोलोदिन हे तिघे निश्चित झाले होते. प्रक्षेपणास काही दिवस उरले असता कुबासोव यांच्या फुप्फुसात डाग दिसला आणि डॉक्टरांना क्षयाची शंका आली. एक माणूस आजारी पडला तर संपूर्ण तुकडी बदलावी, असा नियम होता. त्यानुसार गेओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव वोल्कोव आणि विक्तोर पात्सायेव हे राखीव तिघे गेले. ‘साल्यूत’ स्थानकात तीन आठवडे यशस्वीपणे काम करून ते निघाले. परतीच्या वाटेवर यानातील एक झडप अकाली उघडली, हवा निघून गेली आणि यान जमिनीवर उतरले तेव्हा तिघेही गतप्राण झालेले आढळले. कुबासोव यांना क्षय झालेलाच नव्हता. पुढे १९७५ साली लिओनोव व कुबासोव हीच जोडी अमेरिकी अंतराळवीरांशी अवकाशात हस्तांदोलन करणार होती. कोलोदिन यांना मात्र अंतराळात जाण्याची संधी पुन्हा कधीच मिळाली नाही.

अमेरिकेत नियम थोडा निराळा होता. १९७० साली ‘अपोलो-१३’ च्या वेळी केन मॅटिंग्ली यांना जर्मन गोवराचा संसर्ग झाला असावा अशा भीतीने फक्त त्यांनाच उतरविण्यात आले आणि त्यांच्या जागी राखीव तुकडीतील जॅक स्वायगर्ट गेले. प्राणवायूची टाकी फुटून ते यान संकटात सापडले, तेव्हा ते सुखरूप परत आणण्यासाठी लागणारी कार्यपद्धती बसविण्याचे काम जमिनीवर राहिलेल्या मॅटिंग्ली यांनी केले. यानात नसलेल्या माणसाचा उपयोग यानातील तिघांना कसा होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

या सर्वांचे स्मरण जगाने कसे ठेवले, हेही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १९७१ मध्ये ‘अपोलो-१५’ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या भूमीवर ॲल्युमिनियमची सुमारे ९ सेंटिमीटरची एक मनुष्याकृती आणि तिच्याशेजारी एक पट्टिका ठेवली. पट्टिकेवर १४ नावे आहेत : आठ अमेरिकी आणि सहा सोव्हिएत. देशांचे वैर तीव्र असताना दोन्हीकडील मृतांची नावे एकत्र कोरली जावीत, ही घटना निश्चितच थोर होती. तथापि त्या यादीत नेल्यूबोव नाहीत. वालेंतिन बोंदारेंको हेही नाहीत. चोवीस वर्षांचा हा तरुण पहिल्या पथकातील सर्वांत लहान सदस्य होता. गागारिन यांच्या उड्डाणाला वीस दिवस उरले असता, २३ मार्च १९६१ रोजी, प्राणवायूने भरलेल्या बंद कक्षात सराव करताना अल्कोहोलचा बोळा तापलेल्या शेगडीवर पडून आग लागली आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. सोव्हिएत शासनाने ही घटना १९८६ पर्यंत प्रसिद्ध होऊ दिली नाही. पट्टिका घडविणाऱ्यांना ही दोन नावे माहीतच नव्हती. त्यामुळे दोष त्यांचा म्हणता येत नाही. मात्र शासन जे दडपते ते चंद्रावर जाऊनही दडपलेलेच राहते, एवढे यावरून दिसते.

आता भारताकडे वळू. सोव्हिएत संघाने १९७८ पासून ‘इंटरकॉसमॉस’ योजनेखाली मित्रदेशांचे अंतराळवीर आपल्या यानांतून नेण्यास प्रारंभ केला. पहिला मान चेकोस्लोव्हाकियाच्या व्लादिमीर रेमेक यांना मिळाला. प्रत्येक देशाकडून दोघांना शिकविण्यात येई. एक जाई आणि एक राही. भारताच्या बाबतीत वायुसेनेच्या वैमानिकांतून निवड करण्याचे ठरले आणि आरंभीच्या चाचण्या बेंगळुरूच्या (त्या काळी सर्वत्र ‘बंगलोर’ म्हणत) विमानवैद्यक संस्थेत झाल्या. उमेदवाराला कृत्रिम प्रकाशाच्या खोलीत ७२ तास एकट्याने कोंडून घ्यावे लागे. बंदिस्त जागेची भीती ज्याच्या मनात दडलेली असेल ती वर येते, असा या परीक्षेचा हेतू होता. सप्टेंबर १९८२ मध्ये शर्मा व मल्होत्रा यांची निवड झाली.

शर्मा यांचा जन्म १९४९ सालचा, पतियाळाचा. मल्होत्रा त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे, १९४३ च्या डिसेंबरात लाहोर येथे जन्मलेले. दोघेही चाचणी-वैमानिक होते आणि दोघांनीही १९७१ च्या युद्धात उड्डाणे केली होती. मॉस्कोजवळील ‘तारानगर’ येथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. प्रथम रशियन भाषा, कारण यानातील प्रत्येक कळ व प्रत्येक सूचना त्याच भाषेत होती. मग गरगर फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रात भार सोसण्याचा सराव. विमान एका विशिष्ट वक्ररेषेत नेऊन मिनिटभराहूनही कमी वेळ मिळणाऱ्या वजनरहित अवस्थेचा अनुभव. पाण्यात किंवा बर्फात यान उतरले तर काय करायचे याचे धडे. आणि यानाच्या प्रतिकृतीत बसून पुनःपुन्हा तेच प्रसंग. या सगळ्यात मुख्य आणि राखीव असा भेद नसतो. राखीव माणसाने एखादा पाठ गाळला तर तो राखीव उरतच नाही.

मल्होत्रा यांच्या तुकडीतील सोबती कोण होते हे पाहिले म्हणजे राखीव तुकडीचा दर्जा ध्यानात येतो. बेरेझोवोय यांनी १९८२ साली ‘साल्यूत-७’ मध्ये सलग २११ दिवस काढले होते. तो त्या वेळचा उच्चांक होता. ग्रेचको यांच्या नावावर दोन प्रदीर्घ उड्डाणे होती. अशी माणसे ‘कदाचित’ लागतील म्हणून तयार ठेवलेली होती.

आणि ही ‘कदाचित’ केवळ तोंडदेखली नव्हती. भारतीय मोहिमेतच तिचा प्रत्यय आला. मुख्य तुकडीचे उड्डाण-अभियंता म्हणून प्रथम निकोलाय रुकाविश्निकोव यांची योजना होती. त्यांना आजारपणामुळे माघार घ्यावी लागली आणि त्यांच्या जागी स्त्रेकालोव आले. स्त्रेकालोव यांचा पूर्वानुभव कोणाही सहप्रवाशाच्या छातीत धडकी भरवील असा होता. २६ सप्टेंबर १९८३ रोजी ते दुसऱ्या एका सोयूझ यानात बसलेले असता खालील अग्निबाणाने प्रक्षेपणमंचावरच पेट घेतला. स्फोटापूर्वी दोन-एक सेकंद सुटका-यंत्रणेने यानाचे डोके उपटून काढले आणि ते सुमारे चार किलोमीटरवर जाऊन उतरले. आतील दोघे बचावले. तारानगरात दोन्ही भारतीय वैमानिकांचे शिक्षण चालू असतानाच ही घटना घडली, आणि अवघ्या सहा महिन्यांनंतर तेच स्त्रेकालोव शर्मा यांच्या शेजारी बसले.

उड्डाण निर्विघ्न पार पडले. ‘साल्यूत-७’ मध्ये त्या वेळी लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव आणि ओलेग आत्कोव हे तिघे राहात होते. शर्मा यांनी भारतभूमीची छायाचित्रे घेतली, वजनरहित अवस्थेत हृदयाचे कार्य कसे चालते याची मापने दिली, धातूंच्या मिश्रणावरील एक प्रयोग केला आणि योगासनांचा शरीरास काही लाभ होतो काय याचीही परीक्षा पाहिली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी झालेले त्यांचे संभाषण दूरदर्शनवरून देशभर दिसले. अवकाशात ७ दिवस २१ तास ४० मिनिटे काढून ते ११ एप्रिल रोजी परतले. शर्मा व त्यांचे दोन्ही सोव्हिएत सहकारी यांना अशोकचक्र देण्यात आले. मल्होत्रा यांना कीर्तिचक्र मिळाले. शौर्यपदकांच्या श्रेणीत कीर्तिचक्र अशोकचक्राच्या खालोखाल येते. अंतराळात न गेलेल्या माणसाला ते देताना शासनाने तयारीचेही मोल मानले, असे म्हणता येईल. लोकांनी मात्र ते तसे मानलेले दिसत नाही. शर्मा यांचे नाव घराघरांत पोहोचले. मल्होत्रा हे सामान्यज्ञानाच्या परीक्षेतील एक अवघड प्रश्न होऊन राहिले.

पुढील काळात शर्मा हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये गेले. नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यात ते १९९२ पर्यंत मुख्य चाचणी-वैमानिक होते आणि तेथे असताना एका मिग-२१ विमानातून त्यांना हवाईछत्रीने उडी घ्यावी लागली होती. मल्होत्रा एअर कमोडोर या पदापर्यंत चढले, हिंडन येथील तळाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर पीण्यात आले. तेथील डायनामॅटिक या कंपनीच्या विमानभाग विभागाचे संचालन त्यांच्याकडे होते. विमानाच्या पंखांना मागील कडेस जे हलते पट असतात, ते ज्या तुळयांच्या आधारे पुढेमागे सरकतात त्या तुळया ही कंपनी एअरबसच्या ए-३२० जातीच्या विमानांसाठी बनवू लागली.

मल्होत्रा तेथे पोहोचले त्याच्या पुष्कळ आधी पीण्याने अवकाश पाहिले होते. आणि तेही राखीव माणसांच्या रीतीने, म्हणजे जमिनीवर राहून.

बेंगळुरूला विमानांची परंपरा जुनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने तेथे विमानांचा कारखाना काढला. आजचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ते हेच. भारतीय विज्ञान संस्था त्याहूनही जुनी. डॉ. विक्रम साराभाई यांच्या मनात भारतीय उपग्रहाची कल्पना रुजली, पण तिला आकार येण्यापूर्वीच ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने सोडण्याचा करार १० मे १९७२ रोजी झाला. साराभाईंनंतर काही महिन्यांनी संस्थेची धुरा प्रा. सतीश धवन यांच्याकडे आली. ते विज्ञान संस्थेचे संचालक होते आणि बेंगळुरू सोडण्याची त्यांची इच्छा नव्हती. उपग्रहाचे काम तेथेच आले, ते डॉ. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली.

जागा मिळाली पीण्यात. कारखानदारांना भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या, ॲस्बेस्टॉसच्या छपरांच्या साध्या शेडी त्या होत्या. उपग्रह जोडताना धुळीचा कणही चालत नाही आणि तापमान ठरावीक मर्यादेत ठेवावे लागते. त्या छपरांखाली धूळविरहित खोल्या उभारण्यापासून सुरुवात होती. शेजारी कोठे धातू कापला जात आहे, कोठे मुलामा चढविला जात आहे, आणि मध्येच एका शेडीत उपग्रहाचा सांगाडा उभा राहात आहे, असे ते दृश्य असले पाहिजे. पथकातील बहुतेकांनी उपग्रह कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते. तीन वर्षांहून कमी काळात त्यांनी काम तडीस नेले.

उपग्रह गोलाकाराच्या जवळ जाणारा, २६ पैलूंचा होता आणि त्याचे वजन ३६० किलोग्रॅम भरले. बहुतेक पैलूंवर सौरघट बसविलेले होते आणि त्यांपासून सुमारे ४६ वॅट वीज मिळे. घरातील एका मंद दिव्याला लागते तेवढीच. सौरघट, विद्युतघट व ध्वनिमुद्रण-यंत्र सोव्हिएत संघाने पुरविले. बाकीचे इथेच घडले. त्यावर तीन वैज्ञानिक प्रयोग होते. एक क्ष-किरण खगोलविज्ञानाचा, दुसरा सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रॉन व गॅमा-किरणांचा आणि तिसरा आयनांबराचा. यांपैकी सूर्यविषयक प्रयोगाची उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आली. नावाचा प्रश्न निघाला तेव्हा पंतप्रधानांपुढे आर्यभट, मित्र आणि जवाहर अशी तीन नावे ठेवण्यात आली आणि इंदिरा गांधींनी पहिले पसंत केले.

उपग्रहाच्या बाबतीतही ‘राखीव’ची कल्पना असतेच. अवकाशात एकच वस्तू जाते, पण तिच्यापूर्वी तिचे अनेक नमुने घडवावे लागतात. एक नमुना फक्त थरथराट व धक्के सोसण्यासाठी, एक उष्णता व थंडीच्या चाचण्यांसाठी, एक विजेची जोडणी तपासण्यासाठी, आणि अखेरीस मूळ वस्तूसारखा हुबेहूब एक. अवकाशात जाणाऱ्यावर जे संकट येऊ शकेल ते या नमुन्यांवर आधी मुद्दाम आणले जाते. एखादा सांधा निखळायचा असेल तर तो येथेच निखळावा, हा त्यामागील हेतू.

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून आर्यभट निघाला आणि पृथ्वीपासून सुमारे ६०० किलोमीटरवरील कक्षेत स्थिर झाला. दर ९६ मिनिटांनी एक प्रदक्षिणा पुरी होई. त्याचे संदेश श्रीहरिकोटा व मॉस्कोजवळील केंद्रात घेण्याची व्यवस्था होती. बेंगळुरूलाही ते घ्यायचे होते आणि जागा नव्हती, म्हणून एक शौचालय रिकामे करून तेथे संदेशग्रहणाची उपकरणे मांडण्यात आली, असे राव यांनीच पुढे सांगितले आहे. अंतराळविषयक ग्रंथांतून ही हकीकत विनोद म्हणून येते. वस्तुतः ती अडचणीची हकीकत आहे, आणि त्या पिढीने तिच्यावर फारसा वेळ घालविला नाही.

चार-पाच दिवसांतच प्रयोगांना वीज पुरविणाऱ्या भागात बिघाड झाला आणि प्रयोग बंद ठेवावे लागले. वैज्ञानिक माहितीच्या दृष्टीने आर्यभटाची कमाई बेताचीच ठरली. परंतु उपग्रह जोडावा कसा, त्याची परीक्षा घ्यावी कशी, कक्षेत त्याचा ताबा ठेवावा कसा, हे त्या तरुणांना त्याने शिकविले. १९७९ साली भास्कर आणि १९८१ साली ॲपल हे त्यानंतरचे उपग्रह. ॲपलच्या वेळीही बेंगळुरूच्या औद्योगिक शेडींतच काम चालले होते, आणि आजूबाजूला धातूचा अडथळा नको म्हणून बैलगाडीवर ठेवून त्याची चाचणी घेतल्याचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. पीण्यातील पथकातूनच बेंगळुरूचे उपग्रह केंद्र वाढले. त्याला आता राव यांचे नाव दिलेले आहे. खुद्द आर्यभट फेब्रुवारी १९९२ मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाला. त्यापूर्वी दोन रुपयांच्या नोटेवर त्याचे चित्र भारतातील बहुतेक माणसांच्या हातांतून गेलेले होते. चित्र कशाचे आहे असे किती जणांनी विचारले असेल, ही गोष्ट वेगळी.

शर्मा यांच्या उड्डाणानंतर राखीव माणसांच्या यादीत भारताची आणखी दोन नावे जवळजवळ दाखल झाली. अमेरिकी अवकाशयानातून ‘इन्सॅट-१ सी’ हा उपग्रह सोडायचा होता आणि त्याबरोबर एक भारतीय तंत्रज्ञ जाणार होता. इस्रोने आपल्या अभियंत्यांतून नागपती चिदंबर भट आणि पी. राधाकृष्णन या दोघांना निवडले; भट मुख्य आणि राधाकृष्णन राखीव. उड्डाण १९८६ च्या सप्टेंबरात व्हायचे होते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाचा प्रक्षेपणानंतर ७३ सेकंदांत विनाश झाला, सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले आणि ती सर्व योजनाच रद्द झाली. उपग्रह १९८८ साली युरोपीय अग्निबाणाने गेला. या वेळी मुख्य आणि राखीव असे दोघेही जमिनीवर राहिले. मल्होत्रांना निदान पदक तरी मिळाले होते.

पीण्यातील जुन्या शेडींचे काम दुसरीकडे गेले, तरी अवकाशाशी त्या भागाचे नाते तुटले नाही. उपग्रहांचा माग काढणारी आणि त्यांना आज्ञा देणारी इस्रोची संस्था तेथेच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले, तेव्हा देशाने दूरदर्शनवर जो नियंत्रणकक्ष पाहिला तो पीण्यातील होता. पडद्यावरील आलेखाकडे डोळे लावून बसलेली ती माणसे आणि १९७५ साली अपुऱ्या जागेत कानाला श्रवणयंत्र लावून बसलेली माणसे यांच्यात सुमारे अर्ध्या शतकाचे अंतर आहे. रस्त्यावरचे अंतर मात्र फारसे नाही.

२७ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘गगनयान’साठी निवडलेल्या चार वैमानिकांची नावे एकदम जाहीर करण्यात आली : प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला. १९६१ साली सोव्हिएत पथकाची नावे गुप्त होती आणि गागारिन यांचे नावही जगाला ते वर गेल्यावरच कळले. त्या मानाने हा मोठाच बदल म्हटला पाहिजे. पुढे अमेरिकेतील एका खाजगी कंपनीच्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात एक भारतीय पाठविण्याचे ठरले, तेव्हा शुक्ला यांना मुख्य आणि नायर यांना राखीव नेमण्यात आले, आणि तेही आधीच जाहीर करून. २५ जून २०२५ रोजी शुक्ला फ्लोरिडातून निघाले आणि १५ जुलै रोजी परतले. शर्मा यांच्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी पृथ्वीच्या कक्षेत गेलेले ते दुसरे भारतीय नागरिक. त्यांच्या बरोबरीने सर्व शिक्षण पुरे केलेले ग्रुप कॅप्टन नायर त्या वेळी पृथ्वीवरच होते.